आत्याचा अर्धा राहिलेला सिनेमा

मी बारामतीला कॉलेजात होते आणि जळोचीत खोली घेऊन राहायची, तेव्हाची गोष्ट. वरकुट्याला दिलेली माझी आत्या एका शनिवारी माझ्यासाठी ज्वारीचं पीठ घेऊन आली. स्टँडवरून खोलीकडं निघालो आणि भर रस्त्यात ती थबकली. समोरच्या भिंतीवर एका जुन्या सिनेमाचं पोस्टर होतं.

"ह्योच त्यो!"

मागून रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, तरी ती हलेना.

लग्नाआधी गावात तंबू आला होता, तेव्हा घरी न सांगता ती हा सिनेमा बघायला गेली होती. सिनेमात मोठ्या घरची मुलगी आणि नावाड्याचा पोरगा. दोघं पळून जायला होडीत बसतात, काठावरून तिचा भाऊ बंदूक रोखतो. नेमकं तेव्हाच आजोबांनी तंबूत शिरून आत्याला दंडाला धरून बाहेर काढलं. पुढं काय झालं, असं तिनं रडत विचारलं, तर म्हणाले, "मेली दोघं. असल्यांचं असंच हुतं." त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न लावून दिलं.

"मेल्याली माणसं कशाला बघायची गं?" आत्या म्हणाली. पण पाय थेटराकडंच वळले होते.

बाराचा शो. पिठाची पिशवी मांडीवर घेऊन ती बसली. होडीचा प्रसंग आला तसं तिनं माझं मनगट असं आवळलं की माझी एक बांगडी फुटली.

"हितंच. हितंच उठवलं मला."

ती डोळे मिटून घेईल असं मला वाटलं, पण तिची पापणीसुद्धा लवली नाही. गोळी सुटली. पडद्यावर नुसता धूर. मग दिसलं, मुलीच्या आईनं बंदुकीची नळी वर ढकलली होती. होडी पुराच्या पाण्यात गरागरा फिरली आणि पलीकडच्या काठाला लागली.

"वाचली!" आत्या उभीच राहिली. "अगं, वाचली दोघं!"

"मावशी, खाली बसा की!" मागून कुणीतरी ओरडलं.

"बसते की बाबा," म्हणाली, आणि उभीच.

बाहेर आल्यावर ती डोळे पुसत हसायला लागली. "आबांनी तरी कुठं बघितला व्हता? खोटंच सांगितलं मला!" आजोबा जाऊन चार वर्षं झाली होती. भांडायलाही कुणी उरलं नव्हतं.

खोलीवर येईना. कधी एकदा घरी जाऊन सांगते असं तिला झालं होतं. मग पिठाची पिशवी घेऊन मीही तिच्याबरोबर इंदापूरच्या एसटीत चढले. शेजारच्या बाईला तिनं पहिल्यापासून सिनेमा सांगायला घेतला. हळूहळू पुढच्या बाकावरच्या बायका मागं वळल्या. वरकुट्याचा फाटा आला, गाडी थांबली, आणि आत्याची होडी अजून नदीच्या मधोमध.

"उतरा की लवकर!" ड्रायव्हर ओरडला.

"थांबा ओ जरा," कंडक्टर म्हणाला. "तिकडं बंदूक रोखलीया."

आत्यानं पायरीवर उभं राहून शेवट सांगितला. बायका हसल्या, एकीनं टाळी वाजवली, मग कुठं घंटी झाली. खाली उतरून ती घराकडं अशी भराभर निघाली की मला मागून पळावं लागलं.