व्याह्यांसाठी रंगवलेली गाडी

आमची गाडी रस्त्यात कधीच बंद पडत नाही. ती मुळात चालूच होत नाही.

पुंडलिकनगरच्या आमच्या गल्लीत ती कडुलिंबाखाली उभी असते. मी किल्ली घेऊन बाहेर आलो की शेजारी मोबाईल कानाला लावून दुसऱ्या दिशेला बघतात. (ढकलायला बोलावतील म्हणून!) सेल्फ गेलेला, क्लच घासलेला, मागचा डावा दरवाजा आतून उघडत नाही, आणि रंगाबद्दल न बोललेलं बरं. दुखणी इतकी, आणि दिवाळीचा बोनस असा की त्यात एकच काम धड झालं असतं. यातलं कोणतं करायचं, हे ठरवायला शहाण्या माणसाला अर्धा मिनिट लागलं असतं. आम्ही आठवडाभर चर्चा केली.

घाईचं कारण होतं. जालन्याचे पाठक सहकुटुंब यायचे होते. आमच्या मुक्ताचं आणि त्यांच्या अनिकेतचं पुण्यात नोकरी करता करता कधीच ठरलं होतं. पोरीनं आयुष्यात पहिल्यांदा काही मनापासून मागितलं होतं. मोठ्यांनी एकत्र बसून चहा प्यायचा, होकार द्यायचा आणि त्यात घोळ घालायचा नाही, एवढंच काम होतं. इतकं सोपं काम आमच्यावर सोपवायलाच नको होतं.

"अहो, मुकुंदवाडी स्टेशनावर गाडी घेऊन जावं लागंल," सुनंदा म्हणाली. "व्याह्यांना काय रिक्षात बसवून आणायचं?"

"मग आधी सेल्फ टाकून घेऊ."

"सेल्फ कुणाला दिसतोय? रंग दिसतो!"

मुक्ता आतून ओरडली, "बाबा, पण गाडी चालू व्हायला नको का?"

"तू यात पडू नको," मी म्हणालो. कारण सांगायला लाज वाटते, पण मला सुनंदाचं पटलं होतं! ज्या घरात पाहुण्यांसाठी पुढच्या खोलीला रंग लागतो आणि न्हाणीघराचा नळ वर्षभर दोरीनं बांधलेला असतो, त्या घरात दुसरं काय पटणार?

सल्ल्यासाठी आम्ही दोघं सलीमभाईंच्या गॅरेजवर गेलो. शेवटी जो बोलला त्याचं बरोबर, हे सलीमभाईंचं तत्त्व.

"सलीमभाई, आधी सेल्फ ना?"

"सेल्फच पहिले होना, साहब."

"नाय हो, रंग!" सुनंदा म्हणाली.

"भाभी बराबर बोले. रंगच पहिले होना."

"आणि दरवाजा?"

"दरवाजा तो सबके पहिले!"

अशा तज्ज्ञांच्या बैठकांना मी कंपनीत जन्मभर बसलो आहे, त्यामुळे मला अगदी घरच्यासारखं वाटलं.

गाडीला मरून रंग लागला. उरलेल्या पैशांत मखमली सीटकव्हर आणि गुलाबाच्या वासाची बाटली आली. गाडी नेमकी पाहुणे यायच्या रविवारी सकाळी हातात पडली. "रंग कच्चा हय साहब, आज हात नक्को लगाओ," एवढं सांगून सलीमभाईंनी बंपरवर पाय देऊन ती ढकलून चालू करून दिली. पाहुणे गाडीत बसतात, गाडीला हात कशाला लावतील? आणि मी इंजिन बंद करणारच नव्हतो. योजना बिनतोड होती!

स्टेशनाबाहेर मी अॅक्सिलरेटरवर पाय ठेवून बसून राहिलो. पाठक आले. धिप्पाड देह, पांढरी सफारी. मी बसल्या जागेवरून हात जोडले.

"अहो, खाली उतरा की!" सुनंदा दातओठ खात म्हणाली. "पोरीचे बाप आहात का ड्रायव्हर?"

तिचं म्हणणं रास्त होतं. मी इंजिन चालू ठेवून उतरलो, वाकून नमस्कार केला. पाठककाकू मागं डावीकडं जाऊन बसल्या. आणि पाठकांनी (माणूस काटकसरी, हे मुक्तानं मला सांगायला हवं होतं) खिडकीतून हात घातला आणि किल्ली फिरवली.

"उगं पेट्रोल कशाला जाळायचं, साहेब?" ते प्रेमानं म्हणाले.

त्यानंतर स्टेशनाबाहेर जी शांतता पसरली, ती मी कधी विसरणार नाही.

"जरा... धक्का द्यावा लागेल," मी म्हणालो.

"एवढी नवी गाडी हाय की!"

"नवीन आहे म्हणूनच. अजून सवय नाही तिला."

पाठक, अनिकेत आणि पदर खोचलेली सुनंदा असे तिघं मागून भिडले. गाडीनं गचका दिला, चालू झाली आणि निघाली. आता थांबावं तर पाठक पुन्हा किल्ली फिरवणार! मी थांबलो नाही.

"अहो, ते मागं राहिले!" काकू ओरडल्या.

"येतील!"

"गाडी थांबवा म्हणते ना!"

"नाय थांबवता येत, काकू!"

"अगं बाई, दार बी उघडत नाय!" काकूंनी देवाचा धावा सुरू केला. मुलीचा बाप मुलाच्या आईला पळवून नेतो आहे, असं त्या दिवशी चौकातल्या सगळ्यांचं मत झालं असावं.

घरी मुक्तानं बाहेरून दार उघडलं, काकूंना हाताला धरून उतरवलं, पाणी दिलं आणि माझ्याकडं नुसतं बघितलं. हे लग्न मोडलं तर ते मीच मोडलं होतं.

थोड्या वेळानं तिघं आले. रिक्षानं! भाडंही पाठकांनीच दिलं. तिघांचे तळहात मरून रंगाचे. सफारीवर पाच बोटं, अनिकेतच्या शर्टावर दहा, आणि पैठणीबद्दल सुनंदा आजही माझ्याशी बोलत नाही. मुक्ता खोबरेल तेल आणि फडकी घेऊन आली. बेसिनपाशी अनिकेतचे हात पुसता पुसता तिला हसू फुटलं, मग त्याला, आणि मग दोघांना थांबताच येईना. काकू बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "पोरगी लई शांत डोक्याची हाय. बापावर नाय गेली."

हा होकार आहे हे कळायला मला जरा वेळ लागला. कळल्यावर मी इतका भारावलो की चहाचा कप खाली ठेवून जाहीर केलं, "पाठकसाहेब, ही गाडी मी लग्नात जावयालाच देणार!"

पाठकांनी मरून हात जोडले. "साहेब, पाया पडतो. आम्हाला काय बी नको. नारळ आन् मुलगी द्या. लेखी पाहिजे तर लेखी देतो."

आमच्या नातेवाइकांत मी आजही हुंड्याविरुद्ध ठाम उभा राहिलेला बाप म्हणून ओळखला जातो. गेल्या महिन्यात आमच्या मंडळानं त्याबद्दल माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला, आणि तिथंही मी रिक्षानंच गेलो.