बटणावर उघडणारं दार

ती घटना आठवली नाही असा महिना अजून गेलेला नाही. नावं कोणाचीच लिहीत नाही.

माझं गाव कोकणात. शाळा पाचवीत सुटली ती कायमची. मामाचा हात धरून धारला आलो आणि तिथल्या एका वृद्ध सरदारांच्या चिठ्ठीवर संस्थानच्या पोलिसांत लागलो. ‘पोरगं गरीब आहे, पण इमानी आहे,’ एवढंच त्या चिठ्ठीत होतं. घरापासून इतक्या लांब मला जेवू घालणारी ती ओळ होती. पुढे संस्थान विलीन झालं. जुने पोलीस नव्या राज्याच्या खात्यात घ्यायचे की नाही, याची छाननी सुरू झाली. मी तेव्हा ठाण्यावर जमादार होतो. मॅट्रिक झालेली मुलं रांगेत उभी, आणि मला साधा अर्ज लिहितानासुद्धा घाम फुटायचा.

अशा दिवसांत सरदारांकडे चोरी झाली.

त्यांच्या मोटारखान्याचं दार अख्ख्या धारचं कौतुक होतं. महूच्या छावणीत महायुद्धानंतर लष्कराचं जुनं सामान विकायला निघालं होतं. त्यातले बिनतारी संच आणून एका रेडिओ मिस्त्रीने ते दार तयार केलं होतं. गाडीत हिरवा डबा, डब्याला पितळी बटण. फाटकासमोर गाडी आणून बटण दाबलं की आतली मोटर फिरे, साखळी खडखडे आणि पत्र्याचं दार वर जाई. हात लावायला नको की कुलूप काढायला नको. गाडीतला एक आणि सरदारांच्या कपाटातला एक, असे दोन डबे होते.

वरचा मजला कचेरीला भाड्याने दिल्यापासून सरदारांचं बरंच सामान मोटारखान्यात असे. त्यातलीच एक ट्रंक गेली. आत महालक्ष्मीचे चांदीचे मुखवटे होते, घराण्याबरोबर दक्षिणेतून आलेले. गौरी पंधरा दिवसांवर होत्या. बाईसाहेबांनी अन्न सोडलं होतं.

पंचनामा केला. दार शाबूत, कुठे ओरखडा नाही. समोरच्या चहावाल्याने खबर दिली, “भिया, दुपारी बाराला काळी मोटार फाटकाशी आली. दार आपसे आप वर गेलं. आता साहेबांचीच गाडी म्हटल्यावर मी कशाला बघत बसू?”

सरदारांची गाडी काळीच होती. त्या दिवशी ते एका स्नेह्याकडे तीसेक मैलांवरच्या राजगढला गेले होते. दहा ते तीन गाडी एकट्या ड्रायव्हरजवळ होती, आणि गाडीत डबा. मैलांचा काटा वर्षभर बंद. राजगढहून धारला येऊन परत जायला पाच तास पुष्कळ झाले.

मिस्त्रीला बोलावून विचारलं, “या दोन डब्यांशिवाय दार उघडतं का?”

“जी नहीं, साहेब. सवालच नाही.”

सरदारांना विचारलं. ते क्षणभर थांबून म्हणाले, “दोनच आहेत.” ते थांबणं माझ्या लक्षात आलं होतं. पण ज्याच्या चिठ्ठीवर आपली भाकरी चालू आहे, त्याला दुसऱ्यांदा कसं विचारायचं?

माझ्या डोक्यात हिशोब सरळ होता. डबा म्हणजे किल्ली. किल्ली ज्याच्याजवळ, तो चोर. पोलिसांत मी हेच शिकलो होतो.

ड्रायव्हर चाळिशीचा. त्याच्या आजापासून घर सरदारांच्या चाकरीत. बोलणं कमी, मिशीला तेल.

“पाच तास काय करत होतास?”

“झोपलो होतो साहेब. वडाखाली.”

“कोणी पाहिलं?”

“झोपलेल्या माणसाला काय ठाऊक, कोण पाहतंय ते?”

हवालदार हसला. “वा भिया, पाच तास! आज इथे झोपून दाखव.”

रिमांड मिळाला. पुढचे तीन दिवस मी सविस्तर लिहिणार नाही, पण लपवणारही नाही. सुरुवात हवालदाराने केली. तिसऱ्या दिवशी काठी माझ्या हातात होती. त्याने तळवे वर करून पुढे धरले होते. आम्ही सांगितलं म्हणून. मला त्या वेळी छाननीची यादी दिसत होती आणि सरदारांचा चेहरा दिसत होता. त्याचे हात दिसत नव्हते.

त्या संध्याकाळी तो म्हणाला, “मीच नेली. धरमपुरीला नर्मदेत टाकली.”

पोलिसासमोरचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही. त्याच्या सांगण्यावरून माल हाती आला तर ती गोष्ट टिकते. म्हणून पंच घेऊन धरमपुरीला गेलो. दोन दिवस नावाडी गळ टाकत होते. नदी भरून वाहत होती, पाणी गढूळ. तो घाटाच्या पायरीवर बेड्यांत बसलेला. नावाडी ओरडून विचारायचे, “इकडे का तिकडे?” तो मान हलवी, कुठेही. शेवटी एक म्हातारा नावाडी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “साहेब, यानं काही टाकलेलं नाही. टाकणारा पाण्याकडे बघतो. हा तुमच्याकडे बघतोय.”

मी त्याला गप्प केलं आणि ड्रायव्हरला जेलमध्ये पाठवलं. गौरी आल्या नि गेल्या. बाईसाहेबांनी मातीच्या मुखवट्यांवर पूजा केली.

महिन्याने एक समन्स बजवायला देवासला जावं लागलं. साक्षीदार रस्त्यांच्या कामाचा एक ठेकेदार होता. मी फाटकाशी उभा असताना त्याची काळी मोटार आली आणि समोरचं पत्र्याचं दार आपोआप वर गेलं. तीच साखळी, तोच खडखडाट.

“पाहिलंत जमादारसाहेब?” ठेकेदार खुशीत आला. “अख्ख्या माळव्यात दोनच आहेत. तुमच्या सरदारांनीच शब्द टाकला, मिस्त्रीसुद्धा त्यांनीच पाठवला. फक्त बोलू नका म्हणाले. बिनतारीच्या लायसनचा लफडा आहे ना.”

सरदारांचं नाव घेतल्यावर तो गाडीसकट धारला आला. मी सरदारांना आणि मिस्त्रीला फाटकाशी उभं केलं आणि देवासच्या डब्याचं बटण दाबलं. धारचं दार वर गेलं.

मिस्त्री म्हणाला, “साहेब, मेरे पास नमुन्याचा डबा एकच. त्याच्याशी ताडून मी सगळ्या दारांचा रेडिओचा सूर लावतो. एकच सूर ठेवला तर दुरुस्तीला बरं पडतं. सुरांचं दार आहे ते, किल्लीचं नाही.”

“मग त्या दिवशी का नाही बोललास?”

त्याने सरदारांकडे पाहिलं. सरदार म्हणाले, “परवाना नव्हता. आधीच जहागीर गेली, त्यात खटला नको होता. आणि ड्रायव्हरने कबूल केलं म्हणालास. मला वाटलं, त्यानेच केलं असेल.”

चौकशीत कळलं, ठेकेदाराचा मेहुणा चोरीच्या दिवशी हीच गाडी घेऊन धारला आला होता. ओळखीचं दार दिसलं म्हणून गमतीने बटण दाबलं, दार उघडलं, समोर ट्रंक. मुखवटे देवासच्या सराफाकडे वितळून गेले होते. चांदीच्या लगडीवरून देवीचा चेहरा ओळखणार कोण? मिस्त्रीने कोर्टात साक्ष फिरवली आणि मेहुणा सुटला.

तपासाबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळालं. छाननीत माझं नाव राहिलं.

ड्रायव्हर सुटला तेव्हा सही घ्यायला ठाण्यात आणला. बोटं मिटत नव्हती, अंगठाच घेतला. मी विचारलं, “अरे, नर्मदा का सांगितलीस?”

तो शांतपणे म्हणाला, “जमिनीत पुरली म्हटलं असतं तर तुम्ही खणलं असतं साहेब. नाही मिळाली की पुन्हा मारलं असतं. नदीत सापडली नाही तर दोष नदीचा.” मग दोन्ही हात जमतील तेवढे जोडले. “सोडलंत, मेहरबानी.”

त्याला गियर पुन्हा कधीच धरता आला नाही. बस स्टँडजवळ तो प्रवाशांना पाणी पाजायला बसे. ओगराळ्याची दांडी मनगटावर अडकवून.

या प्रकरणाने काय शिकवलं, असं तरुण अधिकारी विचारतात. मी सांगतो, घाबरलेल्या माणसाकडे तपास देऊ नका, उपकाराखाली दबलेल्याकडे तर नकोच. मी दोन्ही होतो. त्यानंतर आरोपीवर हात उचलला नाही हे खरं, पण ते सांगताना मला बरं वाटत नाही. त्याचा काय उपयोग त्याला?

मी रोज त्याच रस्त्याने ठाण्यात जायचो. मी दिसलो की तो उठून सलाम करायचा. पुढे मी लांबच्या गल्लीने जाऊ लागलो. तो वारला हे मला चार महिन्यांनी कळलं.