काकूचं फंक्शन

कामठीच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये गोपिका वर्षानुवर्षं सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवत होती. यंत्रमागवाल्यांची पोरं, छावणीतल्या जवानांच्या मुली तिच्या हाताखालून गेल्या. तिच्या वैभवीनेही पहिला प्रोग्रॅम आईला खेटून बसूनच लिहिला. इंजिनिअरिंगला गेल्यावरही अडलं की ती आईलाच विचारायची. मग धाकटी जाऊ नंदिनी आयटी कंपनीत लागली, आणि वैभवी तिला विचारू लागली.

त्या रविवारी नंदिनी नागपुरातल्या हुडकेश्वरहून जेवायला आली. दुसऱ्या दिवशी वैभवीला कॉलेजात प्रोजेक्ट दाखवायचं होतं. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत पुस्तकाचं नाव टाइप करायचं, एंटर दाबलं की प्रोग्रॅमने ते खिडकीतूनच परत वाचून साठवायचं. इंग्रजी नावं नीट यायची, मराठीचा मात्र चुरा व्हायचा. गोपिकाने खूप डोकं लावलं होतं. तिला जमलं नव्हतं.

नंदिनीने पर्ससुद्धा खाली ठेवली नाही.

"अगं, हे वाचायचं फंक्शन एकेक बाइट उचलते. आपलं एक अक्षर कितीतरी बाइटांचं. लोकेल, म्हणजे भाषेचं सेटिंग, बसवलं आहे ना? मग वाइड कॅरेक्टरवालं फंक्शन लाव, ओळ कुठून सुरू होते ते त्याला सांग. अख्खी अक्षरं उचलेल."

वैभवीने तसं केलं, एक नाव टाकलं. ते जसंच्या तसं परत आलं.

"काकू, तू तं जादूच करून राहिली!" म्हणत ती नंदिनीच्या गळ्यात पडली.

बेसनाचे गोळे वळता वळता गोपिकाने पडद्याकडे पाहिलं. वाचण्यासाठी फंक्शनने कर्सर ओळीच्या सुरुवातीला नेला होता आणि तिथेच सोडून दिला होता. आता दुसरं नाव टाइप केलं की ते पहिल्यावर चढणार. क्लासमधली नवी पोरं दरवर्षी हीच चूक करायची.

ती बोलली नाही. फजिती होऊ दे उद्या, तिच्या मनात आलं, मग कळेल काकूची हुशारी. फजिती कोणाची होणार, हे तिला कळत होतं. तरी ती गोळे वळत राहिली. नंदिनीच्या गोळाभातावर फोडणीचं तेल वाढताना तिचा हात जरा आखडला.

"ताई, क्लासमध्ये अजून जुनंच शिकवून राहिल्या का?" नंदिनी जेवताना म्हणाली. "तुमच्या पोरांले मराठी लागत नाही वाटते."

वैभवी हसली. तिचं हसणं गोपिकाला झोंबलं.

"एकच नाव काय टाकते वं? दुसरं टाकून पाह्य," ती वैभवीला म्हणाली.

वैभवीने डाव्या हाताने लॅपटॉप ओढून दुसरं नाव टाकलं. ते पहिल्यावर चढलं. नंदिनीचा घास हातातच राहिला.

"कर्सर कुठं सोडला, ते पाहिलं नाही का नंदिनी?" गोपिका म्हणाली. "वाचल्यावर त्याले खालच्या ओळीवर न्या लागते. माह्या नव्या बॅचलेही कळते हे."

वैभवीने हात धुऊन एक ओळ वाढवली. दोन्ही नावं एकाखाली एक उभी राहिली. आता ती आपल्याला बिलगेल, म्हणून गोपिका थांबली.

"आई, तुले हे कधी दिसलं?"

"मघाशीच."

"मघाशी म्हणजे?"

"तू काकूच्या गळ्यात पडली तेव्हा."

"मंग काहून नाही बोलली? उद्या माह्यं प्रोजेक्ट आहे ना, आई!"

वैभवी लॅपटॉप उचलून आत गेली. नंदिनी तिच्या मागे जायला उठली, तशी आतून कडी लागली.

त्या दाराकडे पाहून गोपिकाचा जीव कासावीस झाला. आणि ते नंदिनीसाठीही बंद आहे, याचं थोडं बरंही वाटलं.