ओक्ताव्हची वाकडी रेघ

ब्रसेल्समध्ये आमच्या स्कारबेक भागात, ट्रामच्या रस्त्यावर जिस्लेन राहायची. चित्रकथांची पानं रंगवणं हे तिचं काम. चित्रकार काळ्या रेघांनी पान काढायचा, छापखाना त्याच रेघा फिक्या निळ्या शाईत छापून पाठवायचा आणि जिस्लेन त्यात रंग भरायची. पुस्तकावर नाव चित्रकाराचं. हिचं छापलंच, तर मुंगीएवढ्या अक्षरात. त्याचं तिला काही नव्हतं. तिला भीती एकाच गोष्टीची होती, डोळ्यांची. तिची आई साठीला आली आणि आंधळी झाली. आधी सुईत दोरा जाईना, मग समोरच्याचं तोंड दिसेना. जिस्लेन आता त्याच वयाला टेकली होती, आणि कुणी डॉक्टरचं नाव काढलं की उठून कॉफी करायला जायची.

त्या हिवाळ्यात तिच्या टेबलावर दोन खुनाच्या कथा होत्या. एक रूबेनची. तरणा गडी, कुंचला शाईत बुडवून पानभर काळं फासायचा. त्याचा खुनी म्हणजे अंधारात एक टोपी आणि सिगरेटचं टोक, बाकीचं तुमचं तुम्ही समजून घ्या. रेघ वाकडी गेली, सांडली, तरी तीच त्याची ऐट. दुसरी कथा ओक्ताव्हची. याचा सगळा कारभार उजेडात. सावली औषधालाही नाही. एकाच जाडीची स्वच्छ रेघ. खुनी, पोलीस, भिंतीतली वीट, दुकानातला पाव, सगळ्यांना सारखा मान. रूबेनच्या पानांची भीती वाटायची, कारण काही दिसत नाही. ओक्ताव्हच्या पानांची जास्त वाटायची, कारण सगळं दिसतं आणि तरी खुनी ओळखू येत नाही.

रूबेनचं काम झरझर उरकलं. ओक्ताव्हच्या पानांवर मात्र ती अडखळायला लागली. ट्रामचा रूळ मधेच वाकलेला. खिडकीची चौकट पोट सुटल्यासारखी. तिच्या काळजात धस्स झालं, पण ओक्ताव्हसाठी. सत्तरी उलटलेली, हात गेला बिचाऱ्याचा! कुणाला कळू नये म्हणून ती रंगाच्या कडेनं त्याच्या रेघा गुपचूप सरळ करायला लागली.

एके सकाळी तिनं पोलादी पट्टी घेतली आणि रुळावर ठेवली. पट्टीही वाकली. तिनं ती उचलून दुसरीकडे ठेवली, तर तिथंही, जिथं बघावं तिथंच वाकली. मग पट्टीच जुनी झाली, असं म्हणून तिनं ती खणात टाकली. माणूस घाबरला की काय काय मानून घेतो बघा. पोलाद म्हातारं झालं म्हणे.

पुढच्या पानावर बाजारात मुडदा सापडतो. त्यातल्या शेवटच्या चित्राची चौकट कोरी होती. रूबेननं अशी चौकट सोडली असती, तर तिनं निमूट गडद निळा ओतला असता. पण ओक्ताव्हनं आजवर छपरावरचं एक कौलसुद्धा काढायचं सोडलं नव्हतं. तिनं ओक्ताव्हला टेलिफोन लावला. देवा, तो विसरलेला असू दे, ती मनात म्हणत होती. त्याचंच डोकं गेलेलं असू दे. आपण काय मागतोय हे तिला कळत होतं, तरी ती मागत होती.

शेवटची चौकट रिकामी आलीय, असं तिनं सांगितलं, तर तो मोठ्यानं हसला.

"रिकामी? अगं, आठवडा मोडला त्या चौकटीत. अख्खा बाजार उभा केलाय. आणि इतकी वर्षं नको नको म्हणत होतीस, शेवटी घातलीच तुला गर्दीत. अगदी मधोमध आहेस, कोटाची कॉलर वर करून. सापडलीस का?"

रिसीव्हर खांद्याशी धरून तिनं पान खिडकीच्या उजेडात नेलं. वर, छताकडे नजर केली, तेव्हा खाली कडेला कुणाची तरी टोपली दिसली, एक बूट दिसला. नजर खाली आणली की दोन्ही गेले. तिनं पान तिरकं केलं, नाकाशी आणलं. निळसर कागद, बाकी काही नाही.

"काय गं? नाक लांब काढलं म्हणून रागावलीस?"

"नाही," ती म्हणाली. "ओक्ताव्ह, मला मी दिसत नाहीये. कुणीच दिसत नाहीये."