एफ-एट दाबल्यावर आलेला बॉक्स

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय आणि खरं सांगायचं तर हसायलाच वाचतो. घाटात लिफ्ट मागणारी बाई, अमावस्येला अचानक बंद पडलेली बाईक... अहो, बाईक बंद पडली तर आधी प्लग साफ करावा! हे माझं तेव्हाही मत होतं, आजही आहे. देव मी मानत नाही आणि भूत तर त्याहून नाही. त्यामुळे तुमच्या रांगेत उभं राहताना मला माझीच लाज वाटते. पण लाज वाटायची दुसरी, मोठी गोष्ट माझ्याकडे आहे. बावीस वर्षं ती कुणाला सांगितलेली नाही, बायकोलाही नाही.

साल २००२. नाशिकला गंगापूर रोडवर एका मिठाईच्या दुकानावर आमचं चार जणांचं सॉफ्टवेअरचं ऑफिस होतं. मी तिशीच्या आत, व्हिज्युअल बेसिक येणारा, त्यामुळे अर्थातच पृथ्वीवरचा सर्वात हुशार माणूस. कॉम्प्युटर वापरणारी माणसं ही प्रोग्रॅम बिघडवण्यासाठीच जन्माला येतात, असं मी चारचौघांत सांगायचो. लोक हसायचे. मला वाटायचं, विनोदाला हसतायत.

पंचवटीत एक पॅथॉलॉजी लॅब होती. तिथे सुमनताई रिपोर्ट टाइप करायच्या. नामपूरकडच्या, चाळिशीच्या, टायपिंगच्या परीक्षा पास झालेल्या. कीबोर्डकडे न बघता टाइप करायच्या. लॅबचा जुना डॉसचा प्रोग्रॅम त्यांनी सहा वर्षं चालवला होता. त्यात एफ-एट म्हणजे सेव्ह. कीबोर्डवर वरच्या ओळीच्या डोक्यावर त्यांनी कागदाची एक लांब पट्टी चिकटवलेली होती, जुने ऑपरेटर चिकटवायचे तशी. बारीक, सुबक अक्षरात कुठल्या बटणाला काय, ते लिहिलेलं.

त्या लॅबला मी नवीन विंडोजचा प्रोग्रॅम करून दिला. शिकवायला गेलो तेव्हा सुमनताई म्हणाल्या, "साहेब, सेव्हला एफ-एटच ठेवता येईल का? बोटांना सवय झालीय."

"ताई, जग विंडोजवर गेलं आणि तुमची बोटं अजून डॉसमध्येच? कंट्रोल-एस. सगळी दुनिया कंट्रोल-एस करते."

"बरं. मग पुसायच्या आधी विचारेल असं तरी करा. 'नक्की पुसायचं का?' म्हणून. आणि नुसतं एंटर दाबलं तर 'नाही' झालं पाहिजे. घाईत माणूस एंटरच दाबतो ना."

आज सांगतो, इंटरफेसबद्दल इतकं शहाणं वाक्य मी पुढे कुठल्याही ट्रेनिंगमध्ये ऐकलं नाही. तेव्हा मी काय म्हणालो? "माझ्या प्रोग्रॅममध्ये मूर्खांसाठी बॉक्स नसतात." लॅबचे मालक डॉक्टर शेजारीच होते. ते हसले. ताई पण हसल्या... त्यांना दुसरं काय करता येणार होतं?

आता माझी करामत ऐका. प्रोग्रॅम तपासताना मी खोटे पेशंट भरायचो आणि ते झटक्यात पुसता यावेत म्हणून एक शॉर्टकट लावून ठेवला होता. तो दाबला की त्या दिवसाच्या सगळ्या नोंदी साफ. विचारणं नाही, काही नाही. कर्सर कुठेही असो, बटण आधी माझ्याच कोडकडे येणार, असा बंदोबस्तही केला होता. असले शॉर्टकट गिऱ्हाइकाला देण्याआधी काढायचे असतात. शिकाऊ माणूससुद्धा काढतो. मी विसरलो.

ते बटण होतं एफ-एट.

ताईंनी माझ्या तोंडावर एफ-एटचं नाव घेतलं होतं. तेव्हाही मला आठवलं नाही. मी हसण्यात गुंग होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला लॅबमधून फोन आला. स्कूटरवरून पोचलो तर बाहेर पेशंट ताटकळलेले, आत डॉक्टर लालबुंद. सकाळपासूनचे सगळे रिपोर्ट गायब. सुमनताई उभ्या होत्या. त्यांची बोटं मला आठवतात... टेबलाच्या कडेवर ती टाइप केल्यासारखी हलत होती.

"काय दाबलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"सेव्हच केलं, सर. घाईत सवयीनं एफ-एट दाबलं असेल. पण त्यानं एवढं सगळं कसं पुसलं जाईल?"

डॉक्टर माझ्याकडे वळले. "जातं का हो पुसलं, एफ-एटनं?"

मला त्या क्षणी सगळं कळलं होतं. एक 'हो' म्हणायचं होतं.

"छे!" मी म्हणालो. "एफ-एटला काही लावलेलंच नाही. यांनी सगळं सिलेक्ट करून डिलीट मारलं असणार. ऑपरेटर एरर."

"मना हात खोटा नही शे, साहेब," ताई म्हणाल्या. एरवी शुद्ध बोलायच्या. त्या दिवशी घरची अहिराणी आली.

"उद्यापासून येऊ नका," डॉक्टर म्हणाले. पेशंटांसमोरच.

त्या गेल्यावर मी शांतपणे एफ-एटचा कोड काढून टाकला, नवा प्रोग्रॅम बसवला, चहा प्यायलो आणि निघालो.

आठवड्याने पुन्हा लॅबचा फोन. ताईंच्या जागी डॉक्टरांची मेहुणी रूपाली मॅडम आल्या होत्या. एका बोटाने टाइप करणाऱ्या आणि त्याचाही त्रास होणाऱ्या. "अहो, या पट्टीवर एफ-एट सेव्ह लिहिलंय म्हणून दाबलं, तर हे काय विचारतंय?"

मी जाऊन पाहिलं. स्क्रीनच्या मधोमध एक छोटा करडा मेसेज बॉक्स. त्यावर मराठीत: 'नक्की पुसायचं का?' खाली दोन बटणं, 'हो' आणि 'नाही'. 'नाही' आधीच निवडलेलं. नुसतं एंटर दाबलं की बॉक्स बंद.

ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तो कॉम्प्युटर होता विंडोज ९८. त्यावर आमच्या व्हिज्युअल बेसिकच्या मेसेज बॉक्समध्ये मराठी उमटतच नसे. प्रश्नचिन्हं यायची, नाहीतर कचरा. बटणांवर तर 'यस' आणि 'नो'च. म्हणजे तो बॉक्स मी लिहिला नव्हता एवढंच नाही, मला लिहिताच आला नसता!

मी कोड ओळ न् ओळ चाळला. कुठेही काही नाही. प्रोग्रॅम काढून पुन्हा बसवला. एफ-एट दाबलं... बॉक्स हजर. मी काय केलं असेल? कीबोर्डवरची ती पट्टी उपटून खिशात टाकली आणि मॅडमना सांगितलं, "एफ-एट दाबू नका." तज्ज्ञ माणसाचा तज्ज्ञ उपाय.

त्यानंतर चार दिवसांनी डॉक्टर फोनवर म्हणाले, "सुमनबाई अनुभवाचा दाखला मागायला आल्यात. त्यांना दुसऱ्या लॅबमध्ये जागा मिळतेय. चूक नक्की कुणाची ते मला लेखी द्या. प्रोग्रॅमची असेल तर मी दाखला देतो. त्यांची असेल तर माझं नाव वापरून त्यांनी दुसऱ्याचं वाटोळं करायला नको."

भरदुपारी, ऑफिसात, माझ्याच मशीनवर मी ते पत्र टाइप केलं. तीन ओळी. चूक ऑपरेटरची, प्रोग्रॅममध्ये दोष नाही. लॅबचा प्रोग्रॅम त्या वेळी चालूसुद्धा नव्हता. पत्र सेव्ह करायला मी कंट्रोल-एस दाबलं.

करडा बॉक्स आला. या वेळी एकच शब्द होता.

'नक्की?'

'हो' आणि 'नाही'. 'नाही' निवडलेलं.

शेजारचा प्रोग्रॅमर गाणं गुणगुणत होता, खाली दुकानात जिलबी तळत होते. घाबरलो का? नाही. खरं सांगतो, मला राग आला. एका टायपिस्टबाईने मला प्रश्न विचारावा, याचा राग! नुसतं एंटर दाबलं असतं तरी चाललं असतं. घाईत माणूस एंटरच दाबतो. मी घाईत नव्हतो. बाणाचं बटण दाबून मी 'हो'वर गेलो आणि मग एंटर दाबलं.

पत्र सेव्ह झालं आणि डॉक्टरांकडे गेलं. बॉक्स पुन्हा कधीच आला नाही... ना माझ्या मशीनवर, ना लॅबमध्ये.

२००८ साली एका कामासाठी नामपूरला गेलो होतो. ऊन फार होतं म्हणून थंड काहीतरी घ्यायला एका किराणा दुकानात शिरलो, तर गल्ल्यावर सुमनताई. भावाचं दुकान. त्यांनी मला ओळखलं, चहा मागवला. टायपिंग सोडलं म्हणाल्या.

"का हो?"

"बोटांवर भरवसा राहिला नाही, साहेब. अजून कधी कधी विचार करते, त्या दिवशी कुठलं बोट घसरलं असेल..."

बॉक्स एकदा विचारून गप्प बसला होता. ही बाई सहा वर्षं स्वतःलाच विचारत होती, आणि तिने आता चूक आपलीच धरली होती. मी चहा संपवला. "चहा छान होता," म्हणालो आणि एसटी पकडली.

पुढे त्या बॉक्सबद्दल मी अनेक जाणकारांना विचारलं, अर्थात 'एका मित्राच्या बाबतीत घडलं' म्हणून. व्हायरस, कुणाची चेष्टा, मनाचे खेळ. व्हायरसला पंचवटीच्या टायपिस्टचं वाक्य कसं ठाऊक? चेष्टा करायला ते वाक्य ऐकलेले तिघेच होतो. मनाचे खेळ म्हणाल तर रूपाली मॅडमना मन होतं असं मला कधी जाणवलं नाही, आणि तो बॉक्स आधी त्यांनाच दिसला. माझ्याकडे आजही उत्तर नाही. शोधायचंही सोडलंय.

आत्ता हे सगळं टाइप करून कंट्रोल-एस दाबताना मी थांबलो. वाट पाहिली. काही आलं नाही, सरळ सेव्ह झालं. एक प्रिंट काढलीय. ती कागदी पट्टी अजून माझ्या खणात आहे, शाई जरा उडालीय, पण 'एफ-एट: सेव्ह' वाचता येतं. दोन्ही घेऊन रविवारी नामपूरला जातोय. हे इथे छापून येण्याआधी त्यांनी वाचलेलं असेल.

सुमनताई, बोट घसरलं नव्हतं. ते बटण मी लावलं होतं.