काकांनी निवडून दिलेला विंच

विंचवाले काका कुठलाही विंच, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळत वजन ओढायचं यंत्र, बघायला घेतला की आधी त्याच्या पाटीवर तळहात ठेवायचे. अमुक हजार किलो, तमुक कंपनी, सगळं झाकून टाकायचे आणि मग दुसऱ्या हाताने ड्रम फिरवायचे, दोर चाचपायचे, ब्रेक धरतो का ते बघायचे. दुकानदार वैतागून म्हणायचा, "काका, लिखा हुआ तो पढ़ो." काका म्हणायचे, "लिहिलेलं तू वाच, साईं. वजन पाटी नाय उचलत." अंबरनाथच्या मराठी घरातला माणूस, पण उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये, सिंधी दुकानदारांत, उभी हयात गेल्यामुळे प्रत्येकाला 'साईं' म्हणायची सवय त्यांना कायमची लागली होती.

त्यांचं दुकान नव्हतं. एका जुन्या यंत्रांच्या दुकानासमोर, फूटपाथवर, लाकडी खोक्यावर ते बसायचे. चेनपुली, जॅक, विंच असं वजन ओढणारं किंवा उचलणारं काहीही बिघडलं की माणसं त्यांच्यापाशी यायची. पाऊस आला की ताडपत्री ओढायची आणि पाय पोटाशी घ्यायचे. "जागा असती ना विलास, तर मी शेठ झालो असतो," असं मला हसत म्हणायचे. ते हसणं मी खरं मानलं, हा माझा मूर्खपणा.

मी त्यांच्याकडे गेलो तो कारखाना सुटल्यावर. अंबरनाथच्या एमआयडीसीत बारा वर्षं लेथ चालवला, मग कंपनीनेच कुलूप लावलं. जमवलेल्या पैशातून जुना टेम्पो आणि त्यामागे लावायचा ट्रेलर घेतला. बंद पडलेल्या, पुरात बुडालेल्या गाड्या ट्रेलरवर चढवून गॅरेजला पोचवायच्या, असा धंदा ठरवला. उरलेल्या पैशात विंच बसवायचा होता आणि तो स्वस्तातच बसणार होता. हे मी काकांना पहिल्याच दिवशी सांगितलं. लाज नव्हती वाटत त्यांच्यासमोर.

त्यांनी मला शिष्यासारखं फिरवलं. तीन दिवस, कॅम्प चारच्या सगळ्या गल्ल्या. हातविंच घेऊ का, असं विचारलं तर म्हणाले, "दोन गाड्या चढवशील. तिसरीला खांदा नाय म्हणेल. बॅटरीवरचाच घे." किती ताकदीचा घ्यायचा, तर गाडीचं वजन धरायचं आणि त्यात निम्मं आणखी घालायचं. "पुरातली गाडी चिखल पिऊन येते, चाकं जाम असतात. कागदावरचं वजन विसर." ड्रमवर दोराचे थर जितके जास्त, तितकी ओढ कमी, हेही त्यांनीच शिकवलं. तारेचा दोर नायलॉनपेक्षा स्वस्त पडतो, फक्त हातमोजे घालायचे आणि ताणलेल्या दोराच्या रेषेत कधी उभं राहायचं नाही. यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं, आजही नाही.

तिसऱ्या दिवशी, ते ज्याच्यासमोर बसायचे त्याच दुकानात, कोपऱ्यात धूळ खात पडलेला एक लाल विंच मला दिसला. माझ्या ऐपतीत बसत होता. मी लगेच खूश. काकांनी तो उलटा केला आणि ड्रमच्या कडेजवळ, ड्रम ज्यावर फिरतो त्या दांड्यावरून अंगठ्याचं नख हळूच ओढलं. मग माझा अंगठा धरून तिथूनच फिरवला. नख अडकलं. "जोड मारलाय. वेल्डिंग करून वरून घासलंय. गाडी चढावर असताना हा सुटला तर माणूस मरेल, साईं. ठेव खाली." दुकानाचा शेठ गल्ल्यावरून ऐकत होता. मला मात्र काकांचा इतका अभिमान वाटला की घरी येऊन सुलभाला दोनदा सगळं सांगितलं.

सुलभा, माझी बायको, या धंद्यात निम्मी भागीदार. बंद गाडी विंचने वर ओढताना स्टिअरिंग सरळ धरायला आत कुणीतरी बसावं लागतं. मी विंचपाशी, ती गाडीत. तिला हे काकांनीच शिकवलं, आमच्या बदलापूरजवळच्या चामटोलीच्या अंगणात, शेजाऱ्यांची गाडी मागून आणून. "सूनबाई, स्टिअरिंगशी भांडायचं नाय. नुसतं धरायचं. ते आपलं आपण येतं." तिने सुकटीचं कालवण केलं होतं. काकांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि मला सांगितलं, "तू आता दुकानात येऊ नको. तुझं तोंड बघून भाव चढवतात. मी बघतो, मी आणतो."

आठवड्याने ते गोणपाटात गुंडाळलेला विंच घेऊन रिक्षातून उतरले. काळाकुळकुळीत, नव्या रंगाचा वास येणारा. माझ्या पैशात बसणारा! मी बघायला हात पुढे केला तर म्हणाले, "आधी पूजा. सूनबाई, नारळ आणा." सुलभाने हळद-कुंकू वाहिलं, हार घातला, नारळ फोडला. आता पूजा झालेल्या वस्तूवर कोण नख ओढून बघतो? आमच्याकडे तरी कुणी नाही. आणि काकांनी आणलेल्या वस्तूवर ओढायचं म्हणजे त्यांच्या तोंडावर अविश्वास दाखवायचा. मी नमस्कार केला, त्यांच्याही पाया पडलो.

विंच त्यांनी स्वतःच्या हातांनी बसवला. निघताना फाटकापर्यंत गेले आणि परत आले. "हलक्याच गाड्या ओढ, विलास." पुन्हा गेले, रिक्षात बसले, डोकं बाहेर काढून म्हणाले, "दोन महिने तरी हलक्याच. ऐकतोस ना?" मी सुलभाला म्हटलं, बघ, बाप असता तर त्यानेही एवढी काळजी केली नसती.

दोन महिने मी ऐकलं. नंतर बदलापूरच्या मांजर्लीत पाणी भरलं आणि ते ओसरल्यावर फोनवर फोन येऊ लागले. एका निवृत्त शिक्षकांची मोठी गाडी होती, सीटपर्यंत बुडालेली, ब्रेक गेलेले. सुलभा आत बसली. मागची चाकं ट्रेलरला लावलेल्या उताराच्या फळ्यांवर आली आणि विंचमधून काड्कन आवाज झाला. दांडा मोडून ड्रम लोंबकळला. गाडी सुलभाला घेऊन मागे गेली, सोसायटीच्या भिंतीवर आदळली आणि थांबली. स्टिअरिंगच्या झटक्याने तिचं मनगट दोन जागी मोडलं. भिंतीच्या जागी माणूस असता तर काय, हा विचार मी आजही पूर्ण करत नाही.

तिच्या हाताला प्लास्टर झाल्यावर मी ड्रम हातात घेतला. काळ्या रंगाचा पोपडा उडाला होता. खाली लाल रंग, आणि मोडलेल्या जागी वेल्डिंगचा तो जोड. तो दांडा माझ्या अंगठ्याच्या ओळखीचा होता.

तोच ड्रम गोणपाटात घालून मी कॅम्प चारला गेलो. खोक्यावर कुणी नव्हतं. काका दुकानाच्या बाजूच्या गाळ्यात होते, पंख्याखाली, खुर्चीवर. मी गोणपाट उघडलं. त्यांनी ड्रमकडे बघितलं आणि विचारलं, "सूनबाई आत होती?"

"होती. हात मोडला."

त्यांनी गोणपाट ड्रमवर परत ओढलं. मग म्हणाले, "मी बोललो होतो ना तुला, हलक्या ओढ म्हणून."

त्या क्षणी मला सगळं कळलं. ज्याला मी माया समजत होतो ती त्यांची धास्ती होती. "तुम्हीच म्हणाला होतात काका, माणूस मरेल."

"शेठ बोलला, जुना माल खपवून दे, गाळा तुझा. तीस वर्षं पावसात बसलोय, विलास. जोड मी परत मारला, नीट मारला. वाटलं टिकेल." मग आवाज चढवून म्हणाले, "आणि तुलाच स्वस्तात पाहिजे होता ना? त्या पैशात दुसरा काय मिळणार होता?"

नाही मिळणार, एवढं जरी ते तेव्हा म्हणाले असते! मी आणखी सहा महिने थांबलो असतो, हातविंचने खांदा मोडून घेतला असता. गाळा हवा होता तर माझ्यापाशी बोलायचं, मी शेठच्या पाया पडलो असतो. पण ज्या घरात भाकरी खाल्ली त्या घरच्या बाईला त्या गाडीत बसवायचं? मी ड्रम तिथेच टाकून निघालो. ते सुलभाला बघायला येतील असं मला कितीतरी दिवस वाटत होतं. ते आले नाहीत.

आता माझ्या ट्रेलरवर नवा विंच आहे, कर्जाचा. गाडीत सुलभाऐवजी मी बसतो, ती बटण धरते; तिचं मनगट अजून पूर्ण वळत नाही. बदलापुरात नव्याने ट्रेलर घेणारे मला विचारायला येतात, की स्वस्तातला चांगला विंच कसा ओळखायचा. मी त्यांना सगळं सांगतो, वजनाचं, थरांचं, ब्रेकचं, दोराचं. परवा एकाने विचारलं, "कुठे शिकलात एवढं?"

"कॅम्प चारला एक काका आहेत," मी म्हणालो.

तो गेल्यावर सुलभा म्हणाली, "अजून काकाच म्हणतोस त्यांना?"

म्हणतो. दुसरा कुठलाच शब्द तोंडात येत नाही, आणि त्यांनी केलेल्या सगळ्यापेक्षा मला जास्त राग येतो तो याचाच.