बारा बुटके

पन्नाशी उलटल्यावर मी हा खेळ शिकले, आणि शिकले म्हणण्याचाही मला अजून संकोच वाटतो. आमच्या गल्लीतल्या मेडिकल दुकानदाराने तो आणला. टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एक काल्पनिक पात्र व्हायचं, बोलायचं, लढायचं. वार लागला की चुकला हे फासे ठरवतात. वाटेतल्या गुहा, गावं, राक्षस मांडणारा एक सूत्रधार असतो. नियमांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक मला वाचता येतं, एवढ्याच कारणाने ते काम माझ्याकडे आलं.

खेळणारे तिघे: दुकानदार, त्याची बायको आणि समोरच्या घरातले विणकर. विणकर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे माग चालवत. त्या खडखडाटात बोलायची सवय असल्याने घरातही त्यांचा आवाज मोठाच लागे. त्यांचा ढालकरी योद्धा दोन वर्षं परमुलखात भटकत होता, आणि त्याच्या तोंडचं प्रत्येक वाक्य ते उभे राहून म्हणत.

त्या रविवारी ते बसताबसताच म्हणाले, "गुरुवारी घशाचं ऑपरेशन हाय. आवाज ऱ्हात न्हाई म्हणले डॉक्टर. आज आमच्या गड्याला गावात पोचवा की, मॅडम. वेशीवर काय बोलायचं ते ठरवून आलोय."

ऑपरेशनचं मला दुकानदाराकडून आधीच कळलं होतं, आणि म्हणून मी तयारी बदलली होती. वेशीअलीकडच्या खिंडीत एक अजस्र राक्षस बसवलेला होता. तो मी काढला. लढाईच काढून टाकली असती, तर ती दया त्यांच्या लक्षात आली असती. म्हणून पुस्तकातले सर्वांत दुबळे प्राणी घेतले: एका घावात मरणारे बुटके. खिंड भरलेली दिसावी म्हणून बारा ठेवले. घरी एकटीने फासे टाकून पाहायला हवे होते. ते मला सुचलं नाही.

ढालकरी सगळ्यांच्या पुढे उभा राहिला. आमचे तिघे आपापल्या पाळीला एकेक घाव घालत. एखादा चुके, दोन बुटके पडत. मग उरलेल्यांची पाळी येई, पहिल्या फेरीत दहांची. बहुतेक वार वाया जात, पण दोन-तीन ढालकऱ्याला लागत. पुढच्या फेरीत पुन्हा तेच. आमच्याकडे फासे सर्वांसमोर पितळी परातीत टाकायचे असा विणकरांनीच घालून दिलेला रिवाज होता. मला काही झाकता येत नव्हतं.

"मॅडम, एखाददुसरा बुटका घाबरून पळतो की," दुकानदार परातीकडे न बघता म्हणाला.

सूत्रधाराला तो अधिकार असतो. मी तोंड उघडलं; पण विणकर आधी बोलले. "नको. परातीत पडलं ते पडलं."

चौथ्या फेरीत ढालकरी मेला.

दुकानदाराची बायको चहा ठेवायला उठली. मी क्षमा मागितली. दुबळेच तर होते, असंही काहीतरी पुटपुटले.

"एक माग कुणाला दमवत न्हाई, मॅडम," विणकर म्हणाले. "आठ मागांचे धागे एकदम तुटले की माणूस कुटं कुटं पळंल?"

वेशीवरचं ते बोलणं तरी म्हणून दाखवा, एवढं मला म्हणता आलं असतं. त्यांचा आवाज अजून चार दिवस होता. मला धीर झाला नाही. त्यांनी चहा घेतला आणि योद्ध्याची माहिती लिहिलेला कागद माझ्याकडे देऊन ते गेले.

दहा दिवसांनी मी दवाखान्यात गेले. गळ्याला पट्टी, तिच्यात नळी, उशाशी वही. मला बघून त्यांनी वही ओढली आणि सावकाश लिहिलं: "चार." मला कळलं नाही. त्यांनी खाली आणखी लिहिलं: "आधी दोन. ते पडले की मग दोन."

बाराऐवजी चार बुटके; ते पडल्यापडल्या खिंडीचाच विचार करत होते.

तेव्हा कुठे मी विचारलं, "वेशीवर काय बोलणार होतात?"

त्यांनी वहीकडे पाहिलं, थोडा वेळ पेन तसंच धरलं, आणि मग त्याला टोपण लावलं.